ऊन, त्वचा आणि प्रतिकाराचा विवेक



नावात सूरज ऐकू येतो म्हणून सूरजागडच्या परिसरात उन्हावर बोलायचं, असा काही माझा हिशेब नाही. विषय निवडला तो एका शब्दामुळे. 'प्रतिकारशक्ती' हा तो शब्द. गेल्या काही वर्षांत तो घराघरांत पोचला. काढे प्यायले ते प्रतिकारशक्ती वाढवायला, गोळ्या घेतल्या त्या प्रतिकारशक्ती वाढवायला, आणि सकाळी उन्हात बसलो तेही त्यासाठीच. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण शब्द तपासून पाहणं हा आमचा धंदा आहे. 'शक्ती' म्हटलं की ती कमी-जास्त होणार, आणि जास्त असेल तेवढी बरी, असं आपण गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकतं? उन्हाचा आणि माणसाच्या त्वचेचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ते टिकत नाही. तो इतिहास आज थोडक्यात सांगतो.

सुरुवात करू १८०१ सालापासून. त्याच्या आदल्या वर्षी विल्यम हर्शेलनं दाखवलं होतं की लोलकातून प्रकाशाचा पट्टा पाडला तर तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथेही उष्णता असते. ही बातमी जर्मनीतल्या येना गावी योहान रिटर या तरुणाच्या कानावर गेली. रिटर त्या काळच्या निसर्गतत्त्वज्ञानाच्या वर्तुळात वावरणारा. निसर्गात सगळं जोडीनं असतं, एका टोकाला काही असेल तर दुसऱ्या टोकालाही असलंच पाहिजे, अशी त्या मंडळींची श्रद्धा. म्हणून त्यानं जांभळ्या टोकापलीकडच्या अंधारात सिल्व्हर क्लोराइड ठेवून पाहिलं. ते काळं पडलं, आणि दिसणाऱ्या प्रकाशातल्यापेक्षा लवकर पडलं. म्हणजे बघा, तर्क तसा कच्चाच होता, पण शोध पक्का लागला. विज्ञानाच्या इतिहासात असं होतं.

हेच अतिनील किरण. आज त्यांचे तीन भाग करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर लांबीचे 'ए', २८० ते ३१५चे 'बी', आणि त्याहून आखूड ते 'सी'. 'सी' किरण वरच्या वातावरणातच अडतात. 'बी'चा बराचसा भाग ओझोन वायू अडवतो. जमिनीवर पोचतात ते मुख्यतः 'ए' आणि थोडे 'बी'. पण थोडे असूनही 'बी' फार कामाचे आणि फार त्रासाचे. सूर्य जितका डोक्यावर, तितका त्यांचा वातावरणातला रस्ता कमी आणि मारा जास्त. आपला हा भाग कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. इथे वर्षातून दोनदा सूर्य अगदी माथ्यावर येतो, एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि एकदा जुलैच्या शेवटाकडे. जुलैत ढग असतात. मे महिन्यात नसतात, आणि नेमकी तेव्हाच तेंदूपत्त्याची तोडणी चालू असते. हे लक्षात ठेवा, शेवटी तिकडे यायचं आहे.

आता इतिहासाचा पहिला टप्पा. याला मी 'ऊन हा वैद्य' असं म्हणतो.

१८७७ साली इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी दाखवलं की उन्हात ठेवलेल्या द्रवात जंतू वाढत नाहीत. पुढे डेन्मार्कमध्ये नील्स फिन्सेन आला. फॅरो बेटांवर जन्मलेला, तरुणपणापासून दीर्घ आजारानं खंगलेला डॉक्टर. त्याच्यासमोर होता चेहऱ्याच्या त्वचेचा क्षय. त्याचं नाव 'ल्युपस व्हल्गॅरिस'. ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहरा लांडग्यानं कुरतडल्यासारखा दिसायचा म्हणून हे नाव. फिन्सेननं कार्बनच्या दिव्याचा प्रखर प्रकाश भिंगांतून त्या व्रणांवर पाडला, रोज तासन् तास, महिनोन् महिने. व्रण भरले. लपून बसलेली माणसं रस्त्यावर आली. १९०३ साली त्याला नोबेल मिळालं, आणि पुढच्याच वर्षी तो त्रेचाळिसाव्या वर्षी गेला.

सगळ्यांना वाटलं की अतिनील किरणांनी जंतू मारले. गंमत अशी की शंभर वर्षांनी, २००५ साली, डॅनिश संशोधकांनी फिन्सेनचीच जुनी भिंगं आणि गाळण्या तपासल्या. त्यांतून आखूड अतिनील किरण जवळजवळ जातच नव्हते! क्षयाच्या जंतूंमध्ये पोर्फिरिन नावाची द्रव्यं असतात. लांब लहरींच्या प्रकाशानं ती पेटतात आणि जंतूचा नाश होतो, असा खुलासा त्यांनी केला. उपचार खरा होता, कारण वेगळं निघालं. रोगी बरा झाला एवढ्यानं आपला सिद्धांत खरा ठरत नाही. हे वाक्य दवाखान्यातही उपयोगी पडतं आणि दवाखान्याबाहेरही.

याच टप्प्यातलं आपल्याकडचं एक उदाहरण फार मोलाचं आहे. १९२२ साली मुंबई इलाख्यातल्या कामावर आधारलेला हचिसन आणि शाह यांचा मुडदूस या रोगावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुडदूस म्हणजे मुलांची हाडं मऊ पडून वाकणं. तो गरिबीचा, उपासमारीचा रोग मानला जाई. यांना उलटं दिसलं. चांगलं खाणाऱ्यापिणाऱ्या, पण पडद्यात राहणाऱ्या घरांमध्ये तो जास्त, आणि निकृष्ट अन्नावर शेतात राबणाऱ्यांमध्ये कमी. राबणाऱ्यांकडे एक गोष्ट होती जी वाड्यांत नव्हती, ती म्हणजे ऊन. उन्हातल्या 'बी' किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं, हे रसायनशास्त्रानं त्या दशकात उलगडलं.

इथून एक समीकरण लोकांच्या मनात बसलं. ऊन म्हणजे आरोग्य, जास्त ऊन म्हणजे जास्त आरोग्य. क्षयाच्या सॅनिटोरियमला लांबलचक व्हरांडे आले. आपल्याकडे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रचार करत होते. व्यायाम म्हणून तो उत्तमच. पण सूर्य हा बलदाता, ही आपली जुनी भावना आणि युरोपातलं नवं शास्त्र यांची तेव्हा छान गाठ पडली.

ड जीवनसत्त्वाचा प्रतिकाराशी संबंध आहे का? आहे. २००६ साली एका संशोधनात दिसलं की शरीरातल्या भक्षक पेशी क्षयाच्या जंतूशी लढताना ड जीवनसत्त्वाच्या मदतीनं एक जंतुनाशक द्रव्य बनवतात. लगेच आशा वाढली. पण २०२०मध्ये मंगोलियातल्या सुमारे ८,८०० शाळकरी मुलांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी क्षयाचा संसर्ग काही टळला नाही. प्रयोगशाळेतली एक पायरी खरी असली म्हणून तिच्यावर चढवलेला सगळा मजला उभा राहतोच असं नाही.

आता दुसरा टप्पा. इथे समीकरणच उलटलं.

१९७०च्या दशकात अमेरिकेत मार्गारेट क्रिपके ही संशोधिका उंदरांवर काम करत होती. अतिनील किरणांनी उंदरांच्या त्वचेवर गाठी, म्हणजे कॅन्सर, होतो हे माहीत होतं. तिनं त्या गाठी काढून त्याच वंशाच्या, किरण न दिलेल्या निरोगी उंदरांत रोवल्या. तिथे त्या वाढल्याच नाहीत. निरोगी उंदराच्या शरीरानं त्या परक्या म्हणून ओळखल्या आणि फेकून दिल्या. मग प्रश्न असा की ज्या उंदरात गाठ मुळात झाली, त्याच्या शरीरानं ती का नाही फेकली? तेव्हा गाठ येण्याआधीच काही उंदरांना किरण दिले आणि मग त्यांच्यात गाठी रोवल्या. जोमानं वाढल्या. १९७७ साली फिशर आणि क्रिपके यांनी हे सविस्तर मांडलं. अर्थ सरळ होता. किरण दोन कामं करत होते. पेशी बिघडवत होते, आणि त्या बिघडलेल्या पेशीला हटकणाऱ्या पहारेकऱ्यालाही गप्प बसवत होते.

हे कसं होतं? तीन धागे सांगतो.

पहिला धागा पहारेकऱ्यांचा. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला त्वचेत फांद्यांसारखे हातपाय पसरलेल्या पेशी दिसल्या. त्याला वाटलं, या मज्जातंतूच्या असाव्यात. त्या प्रतिकारव्यवस्थेच्या पेशी आहेत हे कळायला शंभर वर्षं गेली. बाहेरून आलेली वस्तू उचलायची आणि आत लसिकाग्रंथीत नेऊन दाखवायची, हे त्यांचं काम. १९८०मध्ये दिसलं की किरण दिलेल्या त्वचेत या पेशी उणावतात. अशा त्वचेला एखादं दाहक रसायन लावलं तर शरीर चिडत नाहीच, उलट त्या रसायनाला 'हे चालेल' असं शिकून बसतं.

दुसरा धागा, किरण पकडतं कोण? दोन गोष्टी. एक, पेशीतलं डीएनए. 'बी' किरणांनी त्याचे शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात, आणि ती इजा दुरुस्त होईपर्यंत पेशी आवरतं घेण्याचे संदेश पाठवत राहते. दुसरी, युरोकॅनिक आम्ल. १८७४मध्ये ते प्रथम कुत्र्याच्या लघवीत सापडलं, नाव त्यावरूनच पडलं. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात ते भरपूर असतं. किरण पडले की त्याच्या रेणूचा आकार वळतो. हा वळलेला रेणू प्रतिकार शांत करतो, असं डी फॅबो आणि नूनन यांनी १९८३ साली मांडलं.

तिसरा धागा आवरणाऱ्या पेशींचा. क्रिपकेच्या उंदरांतली ही 'गप्प राहण्याची' शिकवण पेशींमार्फत दुसऱ्या उंदरात देता येत होती. म्हणजे दाबणाऱ्या पेशी असल्या पाहिजेत. बरीच वर्षं ही कल्पना शास्त्रज्ञांना पटेना. पुढे १९९५मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांनी नियामक टी-पेशी ओळखल्या, आणि २०२५चं नोबेल त्यांना, ब्रन्को आणि रॅम्सडेल यांच्यासह, याच क्षेत्रातल्या कामासाठी मिळालं. आपल्या शरीरात लढणारे जितके महत्त्वाचे, तितकेच 'थांब' म्हणणारेही. तेच नसले तर शरीर स्वतःवर उलटतं.

इथे कुणी विचारेल, सर, ऊन पडल्यावर शरीर स्वतःचा प्रतिकार का कमी करेल? हा वेडेपणा नाही का? एक तर्क असा मांडतात. उन्हानं रोज त्वचेच्या पेशी थोड्याफार बिघडतात. प्रत्येक बिघडलेल्या पेशीवर शरीर तुटून पडलं तर रोज संध्याकाळी अंगाची आग होईल. म्हणून ऊन लागलं की शरीर समंजसपणा दाखवतं. या तर्काला आधारही आहे. काही लोकांना उन्हाळ्यात उघड्या अंगावर खाजरे पुरळ उठतात, त्याला आपण उन्हाची ॲलर्जी म्हणतो. अशांच्या त्वचेत ही उन्हानं शांत होण्याची क्रियाच कमी पडते, असं आढळलं आहे. त्यांचा प्रतिकार 'कमी' नाही. तो आवरत नाही, हे दुखणं आहे.

आता आपल्या जवळ येऊ. पांढऱ्या डागांकडे.

कोड हा रोग कसा होतो? त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराच्याच टी-पेशी हल्ला करतात. म्हणजे तिथे प्रतिकार आहे, आणि तो चुकीच्या घरावर चालून गेलेला आहे. अशा माणसाला 'प्रतिकारशक्ती वाढव' म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतणं. आपल्या जुन्या वैद्यांना टी-पेशी माहीत नव्हत्या. पण चरक-सुश्रुतांच्या संहितांमध्ये श्वित्रावर बाकुची, म्हणजे आपली बावची, सांगितली आहे आणि उन्हात बसण्याचा उपचारही आहे. बावचीच्या बियांतलं सोरालेन हे द्रव्य १९३३ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीच वेगळं काढलं. १९४०च्या दशकात कैरोमध्ये एल मोफ्ती यांनी नाईलकाठच्या दुसऱ्या एका वनस्पतीतल्या त्याच घराण्यातल्या द्रव्यानं कोडावर उपचार केले. १९७४मध्ये अमेरिकेत हेच द्रव्य आणि 'ए' किरण यांची जोडी सोरायसिसवर वापरली गेली. तो शोधनिबंध लिहिणाऱ्या चौघांत एक मधुकर पाठक होते. आणि १९८७मध्ये एडेलसन यांनी रोग्याचं रक्त बाहेर काढून, त्यातल्या पांढऱ्या पेशींना हे द्रव्य आणि किरण देऊन, रक्त परत आत सोडण्याची पद्धत मांडली. ती त्वचेत उतरणाऱ्या एका कॅन्सरसाठी होती. आज दुसऱ्याची मज्जा रोवल्यावर ती रोग्याच्या अंगावर उलटते तेव्हाही ती वापरतात.

म्हणजे बावची आणि ऊन काम करतात ते बऱ्याच अंशी प्रतिकार आवरून. डाग भरायला लागले की आधी केसांच्या मुळांभोवती काळे ठिपके उमटतात, पाहिलं असेल तुम्ही. तिथे राखून ठेवलेल्या रंगपेशी असतात. हल्ला थांबला की त्या बाहेर येतात. पण एक गोष्ट निक्षून सांगतो. बावची लावून मनानं उन्हात बसू नका. अंगावर भाजल्यासारखे फोड येतात, आणि ती पोटात घेतल्यानं यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं आहेत. आज नुसत्या ३११ नॅनोमीटरच्या 'बी' किरणांनी, मोजूनमापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार होतो.

आणि हे सांगताना चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरा डाग विसरून चालणार नाही. कोडाला आपण 'श्वेतकुष्ठ' म्हणत आलो. या एका शब्दानं किती लग्नं मोडली, किती मुली माहेरी बसल्या, याची मोजदाद नाही. कोड हा कुष्ठरोग नाही. तो कुणाकडून कुणाला लागत नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तिथे स्पर्श कळतो. कुष्ठरोगाचा डाग फिका किंवा लालसर, आणि तिथे बधिरता असते. बधिर डाग दिसला तर दवाखान्यात जायचं, लपवायचं नाही. औषध मोफत आहे आणि रोग पूर्ण बरा होतो.

कुष्ठरोगही आपल्याला तीच गोष्ट शिकवतो. १९४९ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं. तेव्हा लोकांना सगळे कुष्ठरोगी सारखेच वाटत. १९६६मध्ये रिडली आणि जॉपलिंग यांनी प्रतिकाराच्या आधारे या रोगाची वर्गवारी मांडली. जंतू एकच. शरीर त्याला ओळखतच नसेल तर तो अंगभर पसरतो. शरीर त्याच्यावर तुटून पडलं तर डाग मोजकेच राहतात, पण त्या झटापटीत आपलीच नस मारली जाते. उपचार चालू असताना कधी अचानक डाग लाल होऊन सुजतात, नसा दुखतात. ते जंतूचं काम नसतं, आपल्याच प्रतिकाराचं असतं. तेव्हा डॉक्टर प्रतिकार आवरणारं औषध देतात, नाहीतर हात-पाय वाकडे होतात. सांगा, इथे प्रतिकार 'जास्त' असणं चांगलं की 'कमी'? प्रश्नच चुकीचा आहे.

मघाच्या लांडग्याची दुसरी गोष्ट सांगतो. ल्युपस नावाचा आणखी एक रोग आहे, ल्युपस एरिथेमॅटोसस. यात शरीर स्वतःच्याच पेशींच्या गाभ्यावर उठतं. बायकांमध्ये जास्त. गालांवर लाल चट्टा येतो. यांना ऊन लागलं की रोग भडकतो, कारण उन्हानं मेलेल्या पेशींचा गाभा उघडा पडतो आणि त्यावरच हल्ला चढतो. नाव एक, लांडगाच. पण पहिल्याला प्रकाशानं बरं केलं आणि दुसऱ्याला प्रकाशानं चेतवलं. मग ऊन प्रतिकार वाढवतं की कमी करतं, याचं एका शब्दात उत्तर मागणाऱ्याला काय द्यायचं?

आता तेंदूपत्त्याकडे. आपली त्वचा सावळी, काळी. हे मोठं संरक्षण आहे. गोऱ्या लोकांत होतो तेवढा त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे होत नाही. पण १९९१च्या एका अभ्यासात दिसलं की 'बी' किरणांनी त्वचेचा प्रतिकार उतरतो तो गडद त्वचेतही. तेव्हा 'आम्हाला काय होतंय' असं म्हणू नका. ओठावर दबलेले हर्पीसचे फोड कडक उन्हानंतर परत उठतात, ते यामुळेच. ज्यांच्या त्वचेत जन्मतः रंगच नाही अशी मुलं आपल्या गावांतही असतात. त्यांना तर हे ऊन सरळ कॅन्सरकडे नेतं. त्या मुलाला टोपी, लांब बाह्या, वर्गात खिडकीपासून दूरची जागा, हे शाळेनं करायलाच हवं. ज्यांना मूत्रपिंड बसवलं आहे, जे प्रतिकार आवरणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनाही हेच लागू.

उपाय साधे आहेत. पत्ता तोडायला पहाटे जायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं, ही आपल्या बायाबापड्यांची रीत शास्त्राला धरून आहे. डोक्यावर पदर, पंचा, अंगभर सुती कापड. आणि सावली. दाट जंगलाखाली अतिनील किरण फार थोडे पोचतात. उघड्यावर आणि उघड्या खाणीत तसं आडोशाचं काही नसतं. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, त्याच डोंगरावर माडिया समाजाचा ठाकूरदेव आहे. खाण असावी की नसावी हा आजचा विषय नाही. पण तिथे उन्हात आठ तास उभ्या असणाऱ्या माणसाला सावली, झाकणारे कपडे आणि दुपारची सुटी मिळणं, हा आरोग्याचा विषय नक्की आहे. झाड तोडलं की लाकडाचा हिशेब होतो, सावलीचा होत नाही.

आणि दुसरी बाजूही सोडू नका. घरातून बाहेर न पडणारी म्हातारी माणसं, बाळंतिणी, तान्ही मुलं यांना थोडं ऊन हवंच. हचिसन आणि शाह यांनी शंभर वर्षांपूर्वी ते दाखवून ठेवलं आहे.

शेवटी माझ्या शब्दाकडे येतो. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द काही आता भाषेतून जाणार नाही, जायला हवा असंही नाही. पण तो ऐकला की मनात 'विवेक' हा शब्द जोडून बघा. आपलं कोण, परकं कोण, कुणावर धावून जायचं आणि कुणाला सोडायचं, कधी पेटायचं आणि कधी आवरायचं, हे ठरवणारी ती व्यवस्था आहे. ऊन तिला शक्ती देत नाही किंवा शक्ती काढूनही घेत नाही. ते या निवाड्यात हात घालतं. कधी त्या हातानं कोडाचा डाग भरतो, कधी गाठ वाढते. म्हणून बाजारात कुणी तुम्हाला प्रतिकारशक्ती 'वाढवणारं' काही विकायला आलं, तर त्याला एकच विचारा: कशाविरुद्धची? आणि तिला आवरणार कोण?

प्रश्न असतील ते विचारा. डागाबद्दल कुणाला एकट्यात विचारायचं असेल तर मी थांबतो, पण मी सांगणार एवढंच की उद्या दवाखान्यात चला.